नाशिकमध्ये इलेक्ट्रिशियन-वेल्डरचं खासगी प्रशिक्षण केंद्र: 'शासनमान्य' लिहायला नेमकी कुणाची मान्यता लागते?

अंबड_लिंक

नमस्कार. अंबड लिंक रोडलगत तळमजल्यावर १,५०० चौरस फुटांचा गाळा भाड्याने मिळतोय. तिथे इलेक्ट्रिशियन आणि वेल्डर, आणि पुढच्या वर्षी एसी-फ्रिज दुरुस्ती, असं खासगी प्रशिक्षण केंद्र सुरू करायचा विचार आहे. शिकवायला एक इलेक्ट्रिकल डिप्लोमाधारक आणि एक आयटीआय वेल्डर तयार आहेत, दोघांनाही कारखान्यातला अनुभव आहे. गाळामालक ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करायला राजी आहे.

एक सल्लागार म्हणतो, शॉप ॲक्ट आणि उद्यम काढा, दिल्लीच्या एका 'कौन्सिल'ची फ्रँचायझी घ्या आणि महिनाभरात 'शासनमान्य' असा बोर्ड लावा. दुसरा म्हणतो, आयटीआयचीच संलग्नता घ्या, बाकी सगळं बेकायदा आहे. खरं काय? करार करण्याआधी काय तपासायचं? मुलांना ॲप्रेंटिसशिपला चालेल असं प्रमाणपत्र मिळावं, ही मुख्य इच्छा आहे.

सातपूर_वर्कशॉप

करार व्हायच्या आधी विचारलंत, हे फार बरं झालं. बहुतेक लोक गाळा घेतात, मशीन आणतात, बोर्ड लावतात आणि मग मान्यतेच्या मागे लागतात. तेव्हा गाळाच बसत नाही असं कळतं.

आधी 'शासनमान्य'चा घोळ सोडवू. शॉप ॲक्ट म्हणजे २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम. कामगार कायद्यातल्या ठरावीक संख्येपेक्षा कमी असतील तर त्यात नोंदणीसुद्धा नसते, नुसती सूचना द्यायची असते. 'इथे अमुक आस्थापना चालते, इतकी माणसं कामाला आहेत' एवढंच त्या कागदाचं म्हणणं. उद्यम नोंदणी म्हणजे तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग आहात ही तुम्हीच केलेली घोषणा. धर्मादाय आयुक्तांकडची ट्रस्ट किंवा सोसायटी नोंदणी संस्थेला कायदेशीर अस्तित्व देते. आयएसओचं प्रमाणपत्र खासगी एजन्सी देते, ते कार्यपद्धतीचं असतं. यातला एकही कागद तुम्ही काय शिकवता, किती तास शिकवता, परीक्षा कोण घेतं याबद्दल अक्षरही बोलत नाही. त्यांच्या जोरावर 'शासनमान्य अभ्यासक्रम' लिहिलं तर ती दिशाभूल करणारी जाहिरात ठरते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. मान्यता इमारतीला किंवा संस्थेच्या नावाला सरसकट मिळत नाही. ती अमुक अभ्यासक्रमाला, अमुक इतक्या तुकड्यांना, अमुक शिफ्टला, त्या पत्त्यावर मिळते. फिटरची एक तुकडी संलग्न असलेल्या संस्थेत त्याच छताखाली इलेक्ट्रिशियनची विनामान्यता तुकडी चालू असेल, तर त्या मुलांच्या हाती काहीच पडत नाही. म्हणून 'कोणाची मान्यता' या प्रश्नाआधी 'कोणतं प्रमाणपत्र' हे ठरवा. बाकी सगळं त्यावरून ठरतं.

तुमच्यापुढे साधारण तीन रस्ते आहेत.

पहिला, खासगी आयटीआय. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून चालू आहे. बोलण्यात सगळे अजून 'एनसीव्हीटी' (व्यवसाय प्रशिक्षणाची जुनी राष्ट्रीय परिषद) म्हणतात, पण अभ्यासक्रम, संलग्नता आणि परीक्षा यांचा कारभार केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीटीकडे आहे. त्याच्या वर नियामक म्हणून एनसीव्हीईटी, म्हणजे राष्ट्रीय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण परिषद, आहे. त्याची अधिसूचना ५ डिसेंबर २०१८ ची, आणि कामकाज १ ऑगस्ट २०२० पासून सुरू झालं. राज्यात व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय हे काम पाहतं. त्याचं प्रादेशिक कार्यालय नाशिकलाच आहे, आणि नाशिक, अहिल्यानगर, धुळे, नंदुरबार, जळगाव हे जिल्हे त्याच्याकडे येतात. इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा, प्रवेशाला दहावी उत्तीर्ण. वेल्डर एक वर्षाचा, आठवी उत्तीर्ण चालतो. शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. ओझरचं एचएएल, नाशिकरोडच्या प्रेस, रेल्वे यांच्या जाहिरातीत जे 'एनसीव्हीटी'चं प्रमाणपत्र मागतात ते हेच.

दुसरा, महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळ. जुन्या व्यवसाय शिक्षण परीक्षा मंडळाच्या जागी २०२१ च्या कायद्याने हे आलं. सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षं अशा मुदतीचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम खासगी संस्थांना संलग्नतेने चालवता येतात आणि परीक्षा मंडळ घेतं. छोट्या केंद्राला हा रस्ता पेलतो. पण हे प्रमाणपत्र म्हणजे आयटीआयचं प्रमाणपत्र नव्हे. विद्यार्थ्याला हा फरक प्रवेशाआधी सांगावाच लागतो.

तिसरा, अल्प मुदतीचे कौशल्य अभ्यासक्रम. एनसीव्हीईटीने मान्य केलेल्या अवॉर्डिंग बॉडीकडून (प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडून), किंवा राज्याच्या कौशल्य विकास सोसायटीकडे प्रशिक्षण संस्था म्हणून नोंद करून. इथे प्रत्येक पात्रतेला राष्ट्रीय पात्रता नोंदवहीतला कोड आणि एनएसक्यूएफ (राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा) स्तर असतो. कोड नसेल तर त्या प्रमाणपत्राला आधार नाही.

आता दुसऱ्या सल्लागाराचं 'बाकी सगळं बेकायदा'. ते पूर्ण खरं नाही, पण निराधारही नाही. राज्यात २०१३ चा अनधिकृत संस्था व अनधिकृत पाठ्यक्रम प्रतिबंध अधिनियम आहे. कृषी, आरोग्य, उच्च आणि तंत्र शिक्षणाबरोबर व्यवसाय शिक्षणही त्याच्या कक्षेत येतं, आणि सक्षम प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय असे पाठ्यक्रम चालवायला त्यात मनाई आहे. मोटार वायंडिंगचा दोन महिन्यांचा हातकामाचा वर्ग घेणं आणि 'डिप्लोमा इन इलेक्ट्रिकल टेक्नॉलॉजी' असं छापून वाटणं या दोन टोकाच्या गोष्टी आहेत. मधली कोणती गोष्ट कुठे बसते, हे प्रादेशिक कार्यालयाला अभ्यासक्रमाचं नाव, मुदत आणि प्रमाणपत्राचा नमुना जोडून लेखी विचारा, आणि उत्तरही लेखीच घ्या.

मोजपट्टी

वरच्या उत्तराला जोड म्हणून जागेचा हिशेब मांडतो, कारण गाडी बहुतेक वेळा तिथेच अडते.

डीजीटीच्या प्रत्येक व्यवसायाच्या अभ्यासक्रम पुस्तिकेत सुरुवातीच्या माहितीपत्रकात जागा आणि वीजभार दिलेला असतो. इलेक्ट्रिशियनला ९८ चौरस मीटर आणि ५.२ किलोवॉट. वेल्डरला ८० चौरस मीटर आणि १६ किलोवॉट. तुलनेला फिटर घ्या, तर ८८ चौरस मीटर आणि ३.५१ किलोवॉट. पुस्तिका सुधारत असतात, त्यामुळे अर्जाच्या दिवशी जी आवृत्ती लागू असेल तीच उघडून पाहा.

तुमचा गाळा १,५०० चौरस फूट, म्हणजे साधारण १३९ चौरस मीटर. इलेक्ट्रिशियन आणि वेल्डर मिळून नुसत्या कार्यशाळांना १७८ चौरस मीटर लागतात, म्हणजे सुमारे १,९१६ चौरस फूट. थिअरीची खोली, कार्यालय, भांडार, स्वच्छतागृहं वेगळी. शिवाय गाळामालक जे १,५०० सांगतोय ते कार्पेट आहे की बिल्टअप? पाहणी करणारा माणूस टेप भिंतीच्या आतून लावतो. मधला कॉलम, जिन्याखालचा कोपरा, पोटमाळा यात धरता येत नाही. तेव्हा आयटीआय म्हणून दोन्ही व्यवसाय इथे बसत नाहीत. एकटा इलेक्ट्रिशियन (सुमारे १,०५५ चौरस फूट) कार्यशाळेपुरता बसेल, बाकीच्या खोल्यांची मात्र ओढाताण होईल. एसी-फ्रिजचा विचार इथे सोडून द्या.

वेल्डरच्या १६ किलोवॉटला थ्री फेज जोडणी हवी. गाळ्याला सध्या किती मंजूर भार आहे ते महावितरणच्या बिलावर छापलेलं असतं, आजच बघा. भार वाढवून घ्यायला कधी ट्रान्सफॉर्मरची क्षमता आडवी येते, आणि तो खर्च भाडेकरूच्या गळ्यात पडतो.

११ महिन्यांचा करार संलग्नतेला कामाचा नाही. दोन वर्षांचा व्यवसाय चालवणाऱ्या संस्थेच्या हाती अकरा महिन्यांचीच जागा असेल, तर मान्यता देणारा ती धरणार नाही. दीर्घ मुदतीचा, दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला भाडेपट्टा हवा आणि तो अर्जदार संस्थेच्याच नावाने हवा. भागीदाराच्या वैयक्तिक नावावरचा करार, नोटरी केलेला करार, किंवा एका संस्थेच्या नावाने करार आणि दुसरीच्या नावाने अर्ज, ही अर्ज परत येण्याची नेहमीची कारणं आहेत. म्हणून ट्रस्ट, सोसायटी की कंपनी हे आधी ठरवा, तिचं पॅन आणि बँक खातं काढा, मग भाडेपट्टा करा. मशीनची बिलं, वीजबिल, इमारतीचा नकाशा आणि अर्ज या सगळ्यांवर एकच नाव आणि एकच पत्ता दिसला पाहिजे. 'गाळा क्र. ३' आणि 'शॉप नं. ३, तळमजला' इतक्या फरकावरूनही खुलासा मागतात.

पाहणीत काय सापडतं ते सांगतो. मशीन जागेवर असतं पण त्याला केबल जोडलेली नसते. इलेक्ट्रिशियनच्या यादीतली स्लिप रिंग मोटर आणि डीसी मशीन सहज मिळत नाहीत, म्हणून ती 'ऑर्डर दिली आहे' या कोटेशनवर भागवली जाते. कोटेशन म्हणजे मशीन नव्हे. प्रशिक्षणार्थी हत्यारसंच तुकडीच्या संख्येला धरून हवेत. २० मुलांच्या तुकडीला दहा पक्कडी आणि सहा टेस्टर ठेवून चालत नाही. हत्यारांची यादी समोर ठेवून एकेका ओळीपुढे बिल क्रमांक, तारीख, नग आणि भांडार नोंदवहीचं पान लिहून ठेवा. पाहणीच्या दिवशी तो एक तक्ता अर्धं काम करतो.

वेल्डिंगला प्रत्येक बूथला आडोसा आणि धूर जिथे निघतो तिथूनच ओढणारा एक्झॉस्ट हवा. भिंतीवरचा एक पंखा पुरत नाही. ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनचे सिलिंडर उभे, साखळीने बांधलेले, आणि साठ्यातले एकमेकांपासून वेगळे. दोन्ही नळ्यांना फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत उलटी सिलिंडरकडे जाऊ न देणारी झडप). ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल-ग्रीसचा हात लागता कामा नये. कच्च्या मालाची नोंदवही खरी ठेवा: ६०१३ प्रकारचे २.५ आणि ३.१५ मि.मी.चे वेल्डिंग रॉड किती आले, कोणत्या जॉबला किती गेले. मुलांनी केलेले जॉब आणि रॉडचा खप जुळला नाही की प्रात्यक्षिक झालेलंच नाही, हे पाहणाऱ्याला लगेच कळतं.

अंबड_लिंक

खूप धन्यवाद. म्हणजे गाळ्याचा विचार थांबवतो. दोन शंका. शिकवणाऱ्या दोघांची पात्रता पुरेल का? आणि फ्रँचायझीवाले सांगतात की त्यांची 'कौन्सिल' भारत सरकारकडे नोंदलेली आहे, नीती आयोगाचा क्रमांकही दाखवतात.

सातपूर_वर्कशॉप

आयटीआयच्या १+१ तुकड्यांना (एका व्यवसायाच्या दोन तुकड्यांना) दोन निदेशक, म्हणजे शिकवणारे, लागतात, त्यातला एक पदवी किंवा डिप्लोमावाला आणि दुसरा आयटीआय किंवा ॲप्रेंटिस प्रमाणपत्रवाला. ठरलेला अनुभव तर हवाच. पण खरी अट पुढची आहे: दोघांकडेही निदेशक प्रशिक्षणाचं राष्ट्रीय प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला आपण सीटीआय किंवा सीआयटीएस म्हणतो, ते हवं. कारखान्यात पंधरा वर्षं काम केलेला उत्तम वेल्डरही याशिवाय कागदावर निदेशक ठरत नाही. तुमचे दोघेही वेगवेगळ्या व्यवसायाचे आहेत, म्हणजे प्रत्येक व्यवसायाला एकेकच माणूस. इलेक्ट्रिशियनच्या दोन तुकड्या धरल्या तर आणखी एक इलेक्ट्रिकलचा माणूस शोधावा लागेल.

कुठल्याशा दुसऱ्या संस्थेतल्या निदेशकाचं नाव 'तात्पुरतं' वापरण्याचा मोह कृपा करून टाळा. एकच माणूस दोन संस्थांच्या हजेरीपत्रकावर असला की दोन्ही संस्था अडचणीत येतात, आणि भर वर्षात मुलांचं नुकसान होतं.

फ्रँचायझीचं आता. सोसायटी नोंदणी कायदा १८६० खाली कुणीही सात जण मिळून 'अखिल भारतीय' नावाची सोसायटी काढू शकतात. कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली 'कौन्सिल' शब्दाची कंपनीही निघते. ती नोंदली गेली एवढंच खरं, ती प्रमाणपत्र देऊ शकते हे त्यातून सिद्ध होत नाही. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक हा स्वयंसेवी संस्थेची नोंद आहे, शिक्षणाची मान्यता नव्हे. त्यांना एकच विचारा: तुम्ही एनसीव्हीईटीच्या मान्यताप्राप्त अवॉर्डिंग बॉडींच्या यादीत आहात का, आणि या अभ्यासक्रमाचा राष्ट्रीय पात्रता नोंदवहीतला कोड काय? कोड दिला तर तो तुम्ही स्वतः संकेतस्थळावर टाकून बघा. पात्रतेचं नाव, तास, स्तर आणि पात्रतेची वैधता कधी संपते हे सगळं तिथे दिसतं. कोड दुसऱ्याच संस्थेच्या पात्रतेचा निघाला असंही होतं, म्हणून नाव ताडून पाहा.

त्यांच्या नमुना प्रमाणपत्रावर तीन सिंहांची राजमुद्रा असेल तर तिथेच थांबा. राजमुद्रेचा गैरवापर रोखणारा २००५ चा कायदा आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. फ्रँचायझी त्यांची असली तरी ते प्रमाणपत्र मुलाच्या हातात तुम्ही देणार आहात.

आणि वायरमनच्या परवान्याचं आमिष जाहिरातीत घालू नका. तारतंत्री, पर्यवेक्षक, विद्युत ठेकेदार हे परवाने राज्याचं अनुज्ञापक मंडळ देतं. त्याला कोणतं प्रमाणपत्र चालतं हे नाशिकच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात विचारून, मगच मुलांना सांगा.

पंचवटी_टॅक्स

इमारत आणि कर यांचं थोडक्यात लिहितो.

गाळ्याच्या मंजूर नकाशावर वापर 'दुकान' असेल आणि तुम्ही प्रशिक्षण संस्था चालवणार असाल, तर महापालिकेच्या नगररचना विभागाकडून वापर बदलाचं पाहावं लागेल. २०२० पासून एकीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मालकाकडून करारापूर्वीच घ्या. ते नसलेल्या इमारती लिंक रोडला काय, सिडकोत काय, पुष्कळ आहेत आणि तिथे पुढचं काहीच होत नाही. गाळा एमआयडीसीच्या हद्दीत येत असेल तर महापालिका नव्हे, एमआयडीसी हेच नियोजन प्राधिकरण. औद्योगिक भूखंडावर प्रशिक्षणाचा वापर चालेल का, हे त्यांच्या कार्यालयाकडूनच लेखी घ्यावं लागतं.

आग: महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा बसवून घ्यायची आणि यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा नमुना 'ब' दाखला दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये, असा दोनदा द्यायचा. नाशिक अग्निशमनचं मुख्यालय शिंगाडा तलावाला आहे. एकदा एनओसी आणली की झालं असं समजून लोक 'ब' नमुना विसरतात.

जीएसटी: शिक्षणाला माफी आहे, त्यामुळे काळजी नको.

मोजपट्टी

@पंचवटी_टॅक्स, शेवटची ओळ अपुरी आहे आणि तुमच्या नावाकडे पाहून लोक तीच धरून चालतील, म्हणून लिहितो. माफी सरसकट 'शिक्षणाला' नाही. व्यवसाय शिक्षणात ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला आहे: एनसीव्हीटी किंवा एससीव्हीटी (राज्याची परिषद) यांच्याशी संलग्न आयटीआयमधले, ॲप्रेंटिस कायदा १९६१ खाली अधिसूचित व्यवसाय, आणि त्याबरोबर मान्यताप्राप्त कौशल्य अभ्यासक्रमांचे काही ठरावीक प्रकार. विनामान्यता खासगी वर्गाला १८ टक्के लागतो, उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की. चाळीस मुलं आणि प्रत्येकी ६० हजार फी धरली तर २४ लाख होतात. फी 'करासहित' सांगितलेली असेल तर त्या २४ लाखांतले सुमारे ३ लाख ६६ हजार कराचे निघतात, आणि ते संस्थेच्याच खिशातून जातात.

एकाच संस्थेत संलग्न आयटीआय आणि संध्याकाळचे विनामान्यता वर्ग असतील तर पावत्यांची पुस्तकं वेगळी ठेवा. एकत्र पावत्या असल्या की कोणती फी माफ आणि कोणती करपात्र, हे सिद्ध करणं कठीण जातं.

पंचवटी_टॅक्स

बरोबर. संलग्न आयटीआय धरून लिहिलं होतं, ते स्पष्ट करायला हवं होतं. वाचणाऱ्यांनी मोजपट्टींचंच धरावं.

सिडको_पालक

हा धागा प्रवेश घेणारी मुलं आणि पालकही वाचतील, म्हणून त्यांच्या बाजूने काय तपासायचं ते लिहिते.

आयटीआय म्हणवणाऱ्या संस्थेचा एमआयएस कोड (डीजीटीच्या पोर्टलवरचा संस्थेचा क्रमांक) मागा. सरकारी संस्थेचा कोड 'जीआर'ने आणि खासगीचा साधारणपणे 'पीआर'ने सुरू होतो, पुढचा २७ हा महाराष्ट्राचा आकडा. कोड पोर्टलवर टाकला की संस्थेचा पत्ता, संलग्न व्यवसाय आणि तुकड्या दिसतात. तुम्हाला जो व्यवसाय सांगितलाय तो त्या यादीत आहे का, आणि तुकडीच्या जागा किती, एवढंच नीट बघा. इलेक्ट्रिशियनची एक तुकडी २० ची, वर्ग मात्र साठांचा भरलेला दिसला, तर उरलेल्यांची नावं कुठे आहेत हे विचारा. सलग रिकाम्या राहिलेल्या तुकड्यांची संलग्नता काढूनही घेतात, म्हणून पाच वर्षांपूर्वीचं लॅमिनेट केलेलं आदेशपत्र पुरावा धरू नका, पोर्टलवर आज काय दिसतं ते धरा.

'सहा महिन्यांत आयटीआय', 'हजेरीची गरज नाही, फक्त परीक्षेला या' हे ऐकलं की उठून या. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. वर्षाला १,२०० तासांचा अभ्यासक्रम आहे, त्यातले ८४० प्रात्यक्षिकाचे. प्रात्यक्षिक आणि अंतर्गत मूल्यमापनात ६० टक्के गुण लागतात, बाकी विषयांत ३३. ज्या संस्थेत हात काळे होत नाहीत, तिथल्या मुलाची गाडी प्रात्यक्षिकाच्या ६० टक्क्यांवरच अडते.

प्रवेश शक्यतो संचालनालयाच्या ऑनलाइन केंद्रीय प्रक्रियेतून घ्या. फी परताव्याच्या महाडीबीटीवरच्या (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या) योजना त्या प्रवेशाशी बांधलेल्या असतात. संस्थेत परस्पर पैसे भरून बसलेल्या मुलाला नंतर 'स्कॉलरशिप होईल' असं सांगितलं जातं आणि अर्जच भरता येत नाही.

फीची पावती संस्थेच्या पूर्ण नावाची, व्यवसायाचं नाव आणि सत्र लिहिलेली घ्या. 'ॲडव्हान्स ५,०००' एवढंच लिहिलेली चिठ्ठी उद्या कुठे चालत नाही. दहावीचं मूळ गुणपत्रक दाखवा, पडताळणी होऊ द्या आणि परत घ्या. ठेवून घेत असतील तर तशी पोच लेखी मागा.

फसवणूक झालीच तर दोन दारं आहेत. एक, प्रादेशिक कार्यालयाकडे तक्रार. त्याआधी माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करा: 'अमुक पत्त्यावरील अमुक संस्थेस अमुक सत्रासाठी कोणत्या व्यवसायाच्या किती तुकड्यांची संलग्नता आहे, आदेशाची प्रत द्यावी.' तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 'संस्था खरी आहे का' असा मोघम प्रश्न विचारला तर मोघमच उत्तर येतं. दोन, ग्राहक आयोग. शिक्षण संस्था 'सेवा' या व्याख्येत येतात का यावर निकाल एका सुरात नाहीत, राष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये कोचिंग वगळता शिक्षण संस्थांना बाहेर ठेवलं आहे. पण मान्यता नसताना आहे असं भासवून पैसे घेणं हे वेगळं प्रकरण आहे. संलग्नता नसलेल्या एका दंतवैद्यक महाविद्यालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला. म्हणून तक्रारीत 'शिकवलं नीट नाही' यावर भर न देता 'मान्यतेबद्दल खोटं सांगितलं' यावर द्या, आणि जाहिरातीचा फोटो, व्हॉट्सॲपवरचा संदेश, पावती आणि माहिती अधिकारातलं उत्तर जोडा. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५.

अंबड_लिंक

सगळ्यांचे आभार. आता असं ठरवतोय: आधी संस्था नोंदवायची, मग १,८००-२,००० कार्पेटची थ्री फेज असलेली जागा पाहायची, पहिल्या वर्षी राज्य मंडळाचा इलेक्ट्रिकलचा अभ्यासक्रम, आणि निदेशकांचं सीआयटीएस झाल्यावर आयटीआयचा अर्ज. मंडळाची संलग्नता येईपर्यंत हातकामाचे छोटे वर्ग चालवले तर बोर्डवर आणि पावतीवर काय लिहायचं?

सातपूर_वर्कशॉप

क्रम योग्य आहे. डीजीटीचं पोर्टल अर्जांसाठी ठरावीक मुदतीतच उघडतं, त्यामुळे संस्था आणि जागेचे कागद त्याआधी पूर्ण ठेवा. त्यानंतर कागदांची छाननी, स्थळपाहणी, राज्याची शिफारस आणि मग आदेश, यात एखादं सत्र हातचं जाऊ शकतं. मंडळाच्या संलग्नतेसाठी जिल्हा व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण अधिकाऱ्यांना आधी भेटा. इलेक्ट्रिकलच्या कोणत्या अभ्यासक्रमाला सध्या मागणी आणि मंजुरी आहे ते तिथेच कळेल.

बोर्डवर संस्थेचं नोंदलेलं नाव, नोंदणी क्रमांक आणि 'हातकामाचे वर्ग: मोटार वायंडिंग, घरगुती वायरिंग' एवढंच. 'आयटीआय', 'डिप्लोमा', 'शासनमान्य', 'बोर्ड', 'कौन्सिल' यातला एकही शब्द नको, आणि 'संलग्नता प्रक्रियेत' असंही लिहू नका. पावतीवर वर्गाचं नाव, तास, तारखा आणि खाली एक ओळ: 'या वर्गास शासनाची मान्यता नाही. अखेरीस फक्त उपस्थितीचा दाखला मिळेल.' त्या ओळीखाली विद्यार्थ्याची, आणि तो अठराच्या आत असेल तर पालकांचीही सही घ्या, आणि दुसरी प्रत त्यांच्याकडे द्या. हा मजकूर आणि दाखल्याचा नमुना प्रादेशिक कार्यालयाला पाठवायच्या त्या पत्राला जोडा, आणि पहिली फी त्यांचं उत्तर आल्यावरच घ्या.